काठावरची मुलं : मंडळाच्या सत्काराने खरंच काही बदलतं का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी हमखास होतात. पेढे वाटले जातात आणि तालमीच्या फळ्यावर सूचना लागते : "८५ टक्के व त्यावरील गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स मंडळाच्या कार्यालयात जमा करावी." मग एखाद्या रविवारी संध्याकाळी मांडव पडतो, प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येतात आणि एकेक नाव पुकारलं जातं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो. कोल्हापूरच्या पेठांमधलं हे चित्र पुण्या-मुंबईतल्या, सोलापूर-नाशिकातल्या वाचकांनाही अनोळखी नसेल. नाव 'तालीम मंडळ' असो, 'मित्र मंडळ' असो की 'तरुण मंडळ', गुणगौरव समारंभ सगळीकडे साधारण असाच असतो.

यंदा निकालानंतर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा मला फोन आला.

"काय गं, पीएचडी करतीस न्हवं? मग एक सांग. एवढी वर्षं आम्ही सत्कार करतोय, त्यानं पोरांचं काय भलं होतंय का नाही?"

प्रश्नामागे भांडण होतं. मंडळातल्या तरुण पोरांचं म्हणणं, सत्कार बंद करा, ते पैसे अभ्यासिकेत घाला. काकांचं म्हणणं, सत्कार म्हणजे मंडळाची शान. आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. "आपण सत्कार केलेली पोरं बघ की. दोन डॉक्टर झाली, एक सीए, एक तर जर्मनीला. उगंच झाली व्हय?"

मी म्हटलं, "काका, विचार करून सांगते." विचार केला तेव्हा लक्षात आलं, की आपल्यापैकी बहुतेक जण प्रबंधाचा आराखडा लिहिताना जी चूक करतात, तीच या वाक्यात आहे. आणि त्या चुकीवरचा एक फार सुंदर उपाय नेमक्या याच प्रश्नातून जन्मलेला आहे : किशोरवयीन मुलांचा जाहीर गौरव केला तर त्यांच्यात काय बदलतं? म्हणून हा लेख. संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी आहे, पण काकांनाही वाचता यावा असा प्रयत्न केलाय.

पहिली चूक : तुलना कोणाशी?

काकांचा दावा असा : सत्कार झालेली मुलं पुढे गेली, म्हणजे सत्काराने ती पुढे गेली.

आता सत्कार कोणाचा झाला ते बघा. ज्यांना ८५ टक्क्यांच्या वर गुण होते त्यांचा. म्हणजे ज्यांचा अभ्यास आधीच चांगला होता, ज्यांच्या घरी बहुधा अभ्यासाला कोपरा होता, क्लासची फी भरायला पैसे होते. ही मुलं सत्कार न होताही पुढे जाण्याची शक्यता बरीच होती. आपण सत्काराचा परिणाम म्हणून जे मोजतोय, त्यात या सगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. संशोधनाच्या भाषेत याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. दोन गटांत फरक दिसतो, पण ते गट मुळातच वेगळे निवडलेले असतात.

आपल्याला खरं तर काय हवंय? तोच मुलगा, तेच घर, तेच मार्क. एकदा सत्कार झालेला आणि एकदा न झालेला. या दोन आयुष्यांतला फरक म्हणजे सत्काराचा परिणाम. पण एक मुलगा एकच आयुष्य जगतो. दुसरं कधीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या बाजूला 'प्रतितथ्य' असा जड शब्द आहे, पण अर्थ साधा आहे : "तसं झालं नसतं तर काय झालं असतं?" कार्यकारणभावाचं सगळं संशोधन म्हणजे या न दिसणाऱ्या बाजूला विश्वासार्ह पर्याय शोधण्याची धडपड.

दुसरी चूक : आधी आणि नंतर

कोणी म्हणेल, दुसऱ्या मुलांशी तुलना नकोच. त्याच मुलाचे सत्काराआधीचे आणि नंतरचे गुण बघू. आमच्या गल्लीत हेही होतं, फक्त उलट्या दिशेने. दहावीला ९४ मिळालेली मुलगी बारावीला ७८ वर आली की शेजारीपाजारी म्हणतात, "सत्कार झाला आणि डोक्यात हवा गेली."

यात एक सापळा आहे. कुठल्याही परीक्षेत गुण म्हणजे तयारी अधिक नशीब. ओळखीचे प्रश्न आले, तब्येत ठीक होती, तपासणारा उदार निघाला. ज्यांना अगदी वरचे गुण मिळाले, त्यांच्यात त्या दिवशी नशिबानेही साथ दिलेली मुलं जास्त असतात. पुढच्या परीक्षेत तयारी तेवढीच राहिली तरी नशीब तेवढंच राहील असं नाही. म्हणून वरच्या टोकाची मुलं सरासरीने थोडी खाली येतात आणि खालच्या टोकाची थोडी वर जातात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीबाबत हे दाखवलं होतं. याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. बारावीचा अभ्यासक्रम अवघड असतो, ते कारण आणखी वेगळं. म्हणजे सत्काराचा काहीही परिणाम नसला तरी 'आधी-नंतर'च्या तुलनेत सत्कार वाईटच दिसणार. काकांची पद्धत सत्काराला फुकटचं श्रेय देते आणि शेजाऱ्यांची फुकटचा दोष.

१९६० सालचा एक निबंध

आता उपायाकडे येऊ. अमेरिकेत १९५०च्या दशकात शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू झाली, नॅशनल मेरिट. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळायची. जी मुलं थोडक्यात हुकली, त्यांचे दोन गट केले जात. परीक्षेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांना गुणवत्ता प्रमाणपत्र मिळायचं आणि त्यांच्या नावांना जाहीर प्रसिद्धी मिळायची. त्या रेघेच्या खाली असलेल्यांना नुसतं कौतुकाचं पत्र. पैसे दोघांनाही नाहीत. म्हणजे हा शुद्ध सत्काराचा प्रश्न झाला. शाल-श्रीफळ नव्हतं, एवढंच.

डोनाल्ड थिस्टलथ्वेट या संशोधकाने आधी सरळ पद्धत वापरली होती. प्रमाणपत्रवाला एक विद्यार्थी घ्यायचा, पार्श्वभूमीच्या काही बाबतींत त्याच्याशी जुळणारा पत्रवाला विद्यार्थी शोधायचा, आणि दोघांची तुलना करायची. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. जाहीर गौरवामुळे मुलांचा बौद्धिक कामाकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारतो, पीएचडी किंवा वैद्यकीय पदवीचा विचार करणारी, प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं म्हणणारी मुलं वाढतात, आणि दुसऱ्या संस्थांकडून शिष्यवृत्त्या मिळवणारीही वाढतात. काकांना हा निबंध फ्रेम करून लावावासा वाटला असता.

पण शंका उरतेच. जोड्या कितीही जुळवल्या तरी जे मोजलंच नाही ते कसं जुळवणार? घरातलं वातावरण, जिद्द, एखादे चांगले शिक्षक? म्हणून १९६० मध्ये थिस्टलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासला. प्रमाणपत्र मिळालेले ५,१२६ आणि फक्त पत्र मिळालेले २,८४८ विद्यार्थी त्यात होते. पद्धतीचं नाव 'रिग्रेशन डिसकंटिन्युइटी'. नावाला घाबरू नका. कल्पना आपल्या 'काठावर पास' या शब्दात दडलेली आहे.

४२३ आणि ४२५

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' होतं, म्हणजे सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरून ५०० पैकी टक्केवारी. मला ४२३ मिळाले. ८४.६० टक्के. मंडळाची रेघ ८५ वर, म्हणजे ४२५ वर. माझ्या शेजारच्या घरातल्या मैत्रिणीला ४२६ होते. ती स्टेजवर गेली. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन कोणाशी न बोलता झोपले.

आता संशोधक म्हणून बघा. ४२३ आणि ४२६ या दोघींच्या तयारीत खरा फरक किती? तीन मार्क म्हणजे भूगोलाच्या नकाशातली तीन ठिकाणं. कोणी म्हणणार नाही, की एक हुशार आणि दुसरी सामान्य. पण मंडळाच्या नियमाने एकीला सगळं दिलं आणि दुसरीला काहीच नाही. रेघेच्या अगदी जवळ कोण कुठल्या बाजूला पडलं, हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं. मग रेघेच्या लगेच खाली असलेली मुलं ही रेघेच्या लगेच वर असलेल्या मुलांसाठी 'सत्कार झाला नसता तर' या न दिसणाऱ्या आयुष्याचा चांगला पर्याय ठरतात. ९५ आणि ६० ची तुलना करू नका, ८४ आणि ८५ ची करा. सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे.

कागदावर काढून बघा. आडव्या अक्षावर दहावीचे गुण, उभ्या अक्षावर पुढे काय झालं ते, समजा बारावीचे गुण. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत जातील. हा चढ साहजिक आहे, दहावीला चांगले गुण असलेल्यांना बारावीलाही चांगले मिळतात. प्रश्न एवढाच, की ८५ च्या रेघेवर त्या चढाला पायरी आहे का? चढ सलग पुढे गेला तर सत्काराने काही बदललं नाही. रेघेवर ठिपक्यांनी एकदम उडी घेतली, तर त्या उडीची उंची म्हणजे सत्काराचा परिणाम. चढ हा मुलांच्या तयारीचा, पायरी सत्काराची. काकांची चूक हीच होती. ते सगळा चढच सत्काराच्या खात्यात जमा करत होते.

मग १९६० मध्ये पायरी दिसली का?

एका ठिकाणी दिसली, एका ठिकाणी नाही, एका ठिकाणी सांगता आलं नाही. हे तीनही निकाल महत्त्वाचे आहेत.

दुसऱ्या संस्थांकडून शिष्यवृत्ती मिळण्याच्या बाबतीत पायरी स्पष्ट होती. प्रमाणपत्र मिळाल्याने ती शक्यता वाढत होती. दृष्टिकोनाच्या बाबतीत आधीच्या अभ्यासात दिसलेला परिणाम नाहीसा झाला. तो चढ होता, पायरी नव्हती. आणि पुढे काय व्हायचं या बेतांबाबत पुरावा ना धड इकडचा ना तिकडचा.

माझं वाचन असं : जाहीर गौरवाने मुलाचं मन बदलल्याचा पुरावा सापडला नाही, पण त्या मुलाकडे इतर लोक कसं बघतात ते बदललं. प्रमाणपत्राने दार उघडलं, पण दाराच्या पलीकडच्या लोकांनी ते उघडलं. सत्काराबद्दल बोलताना आपण नेहमी 'प्रोत्साहन' हा शब्द वापरतो, म्हणजे परिणाम मुलाच्या आत होतो असं धरून चालतो. तो बाहेरही होत असू शकतो, हे मला या निबंधाने शिकवलं.

गंमत म्हणजे या निबंधानंतर ही पद्धत अनेक वर्षं जवळजवळ पडून राहिली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अर्थशास्त्रज्ञांनी ती पुन्हा उचलली. १९९९ मध्ये जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लॅव्ही यांनी इस्रायलमधल्या शाळांचा, वर्गात चाळिसापेक्षा जास्त मुलं झाली की तुकडी फोडायची, या नियमाचा वापर करून वर्गाचा आकार आणि गुण यांचा संबंध तपासला. आज शिक्षण, आरोग्य, निवडणुका, जिथे जिथे 'इतक्यांच्या वर असेल तर' असा नियम आहे, तिथे ही पद्धत वापरली जाते. आपल्याकडे अशा रेघांना काय तोटा?

पद्धत कुठे फसते

उत्साहात प्रत्येक कटऑफवर तुटून पडण्याआधी तीन गोष्टी तपासा.

*एक, रेघेजवळ ढकलाढकली आहे का?* नाणेफेकीचा युक्तिवाद तेव्हाच चालतो, जेव्हा कोणी स्वतःला नेमकं रेघेच्या वर नेऊन ठेवू शकत नाही. उत्तीर्णतेची ३५ ची रेघ घ्या. काठावरच्यांना सवलतीचे गुण देऊन वर काढलं जातं. मग ३४ वर मुलं कमी आणि ३५ वर गर्दी दिसते. तिथे ३४ आणि ३५ ची मुलं सारखी आहेत असं म्हणता येत नाही. क्रीडा आणि कलेच्या सवलतीच्या गुणांनीही टक्केवारी वर सरकते, पण मंडळाच्या ८५ वर नेमकी थांबवण्यासाठी ते कोणी मिळवत नाही, म्हणून तिथे धोका कमी. जस्टिन मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये याची चाचणीच सुचवली : रेघेच्या दोन्ही बाजूंना किती जण आहेत ते मोजा. रेघेवर गर्दीत एकदम उडी दिसली तर सावध व्हा.

*दोन, नियम खरंच पाळला गेला का?* आमच्याकडे एका वर्षी ८४ टक्केवाल्या एका मुलाचाही सत्कार झाला. कारण विचारल्यावर उत्तर आलं, "घरचाच आहे." काही ८५ वरची मुलं अर्जच करत नाहीत किंवा त्या दिवशी गावाला असतात. म्हणजे रेघ ओलांडल्यावर सत्काराची शक्यता वाढते, पण शून्यावरून शंभरावर जात नाही. काटेकोर नियम असेल तर 'शार्प' आणि असा सैल असेल तर 'फझी' रचना म्हणतात. फझी रचनेतही उत्तर काढता येतं, पण गणित वेगळं असतं. त्यासाठी आधी कबूल करावं लागतं, की नियम कागदावर एक आणि मांडवात दुसरा होता.

*तीन, त्याच रेघेवर आणखी काही बदलतंय का?* ८५ वरच एखादा क्लास फी माफ करत असेल, तर पायरी सत्काराची की फीमाफीची हे कळणार नाही.

आणि एक मर्यादा कायमची. मिळालेलं उत्तर रेघेजवळच्या मुलांपुरतं असतं. ८५ च्या आसपास सत्काराने फरक पडला नाही, यावरून ५० टक्केवाल्या मुलाचा कोणीतरी पहिल्यांदाच हार घालून सत्कार केला तर काय होईल, हे अजिबात सांगता येत नाही. कदाचित तिथेच सर्वात जास्त फरक पडत असेल.

आमची तालीम अजून एक सत्कार करते, फुटबॉलवाल्या पोरांचा. कोल्हापुरात त्याची शान दहावीच्या सत्कारापेक्षा कणभर जास्तच. पण तिथे ही पद्धत लागू होत नाही. कोणाला हार घालायचा हे कार्यकारिणी बसून ठरवते. आकडा नाही, रेघ नाही, म्हणून काठही नाही. चांगली पद्धत हातात आली की प्रत्येक प्रश्न तिच्या मापाचा वाटायला लागतो. तेवढं टाळा.

प्लॅस्टिकच्या पिशवीतला डेटा

मी गावी गेल्यावर काकांनी कार्यालयातलं कपाट उघडलं. सत्कारमूर्तींची वही अगदी व्यवस्थित. वर्ष, नाव, टक्के, पाहुण्यांची सही. पण त्या वहीत माझं नाव नव्हतं. असणारच नव्हतं. वहीत फक्त रेघेच्या वरची मुलं होती.

संशोधनाला बसताना हे लक्षात ठेवा : संस्था ज्यांना काही दिलं त्यांची नोंद ठेवतात. ज्यांना दिलं नाही त्यांची ठेवत नाहीत. आणि तुलनेसाठी आपल्याला नेमकी तीच माणसं लागतात. वसतिगृहाकडे प्रवेश मिळालेल्यांची यादी असते, बचतगटाकडे कर्ज दिलेल्यांची. नाकारलेले अर्ज रद्दीत जातात.

मी विचारलं, "काका, आशेनं झेरॉक्स आणून देणारी काठाखालची पोरं असतीलच की. त्यांचे कागद?"

बराच वेळ शोधल्यावर ढोल-ताशाच्या सामानामागे एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. त्यात गेल्या काही वर्षांच्या गुणपत्रिका होत्या, घेतलेल्या आणि नाकारलेल्या एकत्र. मी जमिनीवर बसून वर्षावार गठ्ठे लावले. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्क्यांच्या आतली मुलं मोजली. दोन-अडीच डझन भरली.

एवढ्यावर काही म्हणता येतं का? नाही. रेघेच्या जितकं जवळ जावं तितकी मुलं सारखी, पण संख्या कमी. लांब जावं तर संख्या वाढते, पण मुलं वेगळी होत जातात. किती अंतरापर्यंतची मुलं धरायची याला बँडविड्थ म्हणतात आणि ही ओढाताण कुठल्याच सॉफ्टवेअरने संपत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात हजारो विद्यार्थी होते. माझ्याकडे एक पिशवी होती. शिवाय झेरॉक्स आणून देणारी काठाखालची मुलं हीसुद्धा निवडलेलीच. मी तर दिलीच नव्हती.

सत्कारासारखा सत्कार नसतो

काकांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं नव्हतं, म्हणून इतर दोन अभ्यास सांगितले. दोन्हींत पुरस्कार चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक वाटले होते, म्हणजे रेघेचीही गरज नव्हती.

पहिला अमेरिकेतल्या शाळांमधला, २०२१ मध्ये छापून आलेला. कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १५,३२९ विद्यार्थ्यांवर हजेरीच्या पुरस्कारांचा प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, की पूर्ण हजेरी लावलीत तर पुरस्कार मिळेल. काहींना आधीच्या हजेरीसाठी अचानक पुरस्कार दिला. आधी जाहीर केलेल्या पुरस्काराने सरासरीत फरक पडला नाही. अचानक दिलेल्या पुरस्कारानंतर हजेरी उलट घटली. संशोधकांचा अंदाज असा, की पुरस्काराने मुलांपर्यंत नको तो निरोप गेला : तू इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्तच हजर राहिलास. मग एखाददुसरी दांडी चालते की!

दुसरा जाना गालुस यांचा, २०१७ सालचा, जर्मन विकिपीडियावरचा. नव्याने लिहू लागलेल्यांपैकी काहींना एक साधा, बिनपैशाचा सन्मान दिला. त्यांचं पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं.

एकीकडे घट, एकीकडे वाढ. यावरून 'सत्कार चांगला की वाईट' हा प्रश्नच नीट नाही असं मला वाटतं. नवख्या माणसाला 'तू आमच्यातला आहेस' असं सांगणारा सन्मान आणि 'तुझं काम झालं' असं सांगणारा सन्मान, दोन्हींत ट्रॉफी एकच असली तरी निरोप वेगळा.

काकांना काय सांगितलं

शेवटी मी तीन गोष्टी सांगितल्या.

एक, सत्काराने मुलं पुढे गेली हे तुमच्या वहीवरून सिद्ध होत नाही. नाही गेली हेही होत नाही. भांडणात दोन्ही बाजूंनी हा मुद्दा वापरणं थांबवा. अभ्यासिका की सत्कार हा निम्मा प्रश्न तर पैशांचा आणि इच्छेचा आहे. तो मंडळाच्या बैठकीतच सुटेल, माझ्या लॅपटॉपवर नाही.

दोन, १९६० च्या निकालाचा धागा धरायचा, तर सत्कारातून मुलाच्या हातात असं काही द्या, जे दुसऱ्याला दाखवता येईल. शाल कपाटात जाते. मंडळाच्या लेटरहेडवरचं दोन ओळींचं पत्र, शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी, अर्ज भरायला मदत करणारा एखादा जुना सत्कारमूर्ती, याचा काहीतरी उपयोग होण्याची शक्यता जास्त. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हेही सांगितलं.

तीन, यापुढे आलेला प्रत्येक अर्ज नोंदवा. नाकारलेलाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझा सत्कार न्हवता झाला न्हवं? आणि बघ, तूच पीएचडी करतीस."

मी हसले, पण ते वाक्य माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आलं. कारण गेली कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय : त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत बसले, चिडले, आणि त्या चिडीतून इथवर आले. मस्त गोष्ट आहे. मुलाखतीत सांगायला तर फारच छान. पण ही काकांच्या 'दोन डॉक्टर, एक सीए'चीच उलटी बाजू आहे. मला दोन मार्क जास्त मिळाले असते तर मी काय झाले असते, हे मला माहीत नाही. कदाचित हेच. कदाचित तेव्हाच्या त्या दोन रात्री तेवढ्या बऱ्या गेल्या असत्या. एका ठिपक्यावरून पायरी दिसत नाही, तो ठिपका आपण स्वतः असलो तरी.

तुमच्या आराखड्यासाठी चार प्रश्न

तुम्ही 'अमुक योजनेचा तमुकवर परिणाम' असा विषय घेतला असेल, तर गाईडकडे जाण्याआधी कागदावर एवढं लिहा :

१. ज्यांना ही गोष्ट मिळाली, त्यांना ती का मिळाली? नियम होता की मर्जी?

२. ती मिळाली नसती तर त्यांचं काय झालं असतं, याचा पर्याय म्हणून मी कोणाकडे बघणार? ते लोक खरंच त्यांच्यासारखे आहेत का?

३. ज्यांना मिळाली नाही, त्यांची नोंद कुठे आहे? नसेल तर मिळवता येईल का?

४. रेघ असेल, तर काठावर माझ्याकडे पुरेशी माणसं आहेत का? नसतील तर निष्कर्ष किती आवरता घ्यावा लागेल?

चौथ्याचं उत्तर बऱ्याचदा निराश करतं. तरी लिहा. 'एवढ्या डेटावरून सांगता येत नाही' हे व्हायवाच्या दिवशी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा पहिल्या वर्षी आपणच म्हटलेलं बरं.

आमच्या मंडळाने यंदा सत्कारही केला आणि अभ्यासिकेला टेबलंही घेतली. कोल्हापुरात भांडणं अशीच मिटतात. काकांनी मला एका नव्या रजिस्टरचा फोटो पाठवला. त्यात दोन रकाने आहेत, 'सत्कार' आणि 'अर्ज आला'. दुसऱ्या रकान्यातली नावं जास्त आहेत.